लालबागला गावकीच्या खोलीवर दोन महिने, गॅस नाही. स्वस्तात नीट जेवण कुठे आणि कसं?

जैतापूरकर

भाचा १० जूनला मुंबईत येतोय, ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहील. राहायची सोय लालबागला आमच्या गावकीच्या खोलीत, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून ठेवलेल्या चाळीतल्या खोलीत झाली आहे. झोपायला जागा, पाणी आणि कपाटाचा एक कप्पा मिळतो. स्वयंपाकाला मनाई. काम प्रभादेवीला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, शनिवारी अर्धा दिवस. खाण्यापिण्यावर महिन्याला सात हजारांच्या वर जाता येणार नाही. वय एकोणीस, भूक दांडगी. मासे खाणारा आहे, आठवड्यातून दोनदा मिळाले तर बरं.

नावाजलेल्या हॉटेलांची यादी नकोय. रोज बाहेर खाऊन पोट बिघडू नये आणि महिनाअखेरीला हात आखडू नये, एवढंच पाहिजे. खानावळ लावताना काय ठरवून घ्यायचं, कुठल्या वेळी काय मागवायचं, पावसाळ्यात काय टाळायचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

काळाचौकी

आधी रात्रीच्या जेवणाची खानावळ पक्की करा. एक वेळचं जेवण ठरलेलं असलं की उरलेल्या दिवसाचा हिशेब सोपा होतो.

लालबाग, परळ, काळाचौकी या पट्ट्यात घरगुती खानावळी गिरण्यांच्या काळापासून आहेत. पाळ्यांवर जाणाऱ्या कोकण-घाटावरच्या माणसांना बायका चाळीतल्या खोलीतून जेवण द्यायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये, बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि गिऱ्हाईक बदललं, तरी अशी घरं अजून आहेत. त्यांना पाटी नसते, मोबाइलच्या नकाशावर तर नसतातच. पत्ता लागतो तो पिठाच्या गिरणीवर. भाकरीसाठी रोज तांदूळ दळायला कोण आणतं ते गिरणीवाल्याला बरोबर ठाऊक असतं. गावकीच्या खोलीतले जुने लोकही सांगतील. पण एकाच्या शब्दावर जाऊ नका, दोघांकडून तेच घर निघालं की मग जा.

पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे भरायचे नाहीत. दोन दिवस सुटं जेवण घ्यायचं, त्यातला एक दिवस सोमवार किंवा गुरुवार. मासळीच्या दिवशी कुठलीही खानावळ बरी वाटते, तिची खरी परीक्षा साध्या आमटी-भाजीला होते. आमटी पातळ असली तरी चालेल, पण डाळ शिजून एकजीव झालेली हवी. वर पाणी आणि तळाला डाळ असेल तर शिजलेल्या आमटीत मागाहून पाणी वाढवलंय असं समजा.

मग ठरवून घ्यायच्या गोष्टी. चपात्या मोजून की पोटभर? मोजून असतील तर किती, आणि जादा चपातीचे किती? भात एक मूद की दोनदा? रविवारी रात्री चूल बंद असते का? हे शेवटचं विचारायचं राहून जातं आणि तिथेच हिशेब चुकतो. समजा दोन्ही वेळचे मिळून चार हजार सांगितले. साठ जेवणं धरली तर जेवण सदुसष्ट रुपयांच्या आत बसतं. चार रविवारच्या रात्री वजा केल्या की छप्पन्न उरतात, म्हणजे जेवणामागे साडेएकाहत्तरच्या आसपास, वर त्या चार रात्री बाहेर खायचा खर्च वेगळा.

आणि खाडा. जेवायला येणार नसलो तर किती वाजेपर्यंत कळवायचं आणि त्याचे पैसे वळते होतात का, हे तोंडी न ठेवता वहीत किंवा कार्डावर लिहून घ्या. रात्रीच्या खाड्याचं संध्याकाळी चार-पाचपर्यंत कळवायला सांगतात, कारण त्यानंतर कणीक भिजलेली असते. त्यांचं बरोबरच आहे. पहिल्या खेपेला पंधरा दिवसांचेच पैसे द्या. चांगली बाई त्याला कुरकुर करत नाही.

---

सोडेभात

माशांचं मी सांगतो, कारण भाचा नेमका चुकीच्या महिन्यांत येतोय आणि तिथेच पैसे जातात.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद असतात. त्या दिवसांत खानावळीत जी सुरमई किंवा पापलेट येतं ते बहुतेक शीतगृहातलं. १५ जूननंतर आंध्र-तामिळनाडूकडची मासळी बर्फातून यायला लागते. ती वाईट नसते, पण दोन-तीन दिवसांची असते आणि भाव चढा असतो. तेव्हा पहिले पंधरा दिवस सुरमई थाळीच्या वाटेला जाऊच नये.

त्याऐवजी सुकी मासळी. पावसाळ्यात आपल्या घरी जे शिजतं तेच या खानावळींत उत्तम मिळतं : कांद्यावर परतलेला जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी), वांगं-बटाटा घालून सुक्या बोंबलाचं कालवण, सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा भात. थाळीही ताज्या मासळीपेक्षा बरीच स्वस्त पडते. जवळा दाताखाली कचकचला तर तो नीट निवडून-धुऊन घेतलेला नाही, दुसऱ्यांदा मागवू नका. सुक्या बोंबलाला कुबट वास आला तर त्याला ओल लागलेली आहे, तो ताटात बाजूला सारा.

ओलं खायचंच असेल तर खाडीचं बघा. बोय, खाडीची कोळंबी, चिंबोरी यांना मोठी बोट लागत नाही. 'आज खाडीचं काय आहे?' असा प्रश्न विचारला की वाढणारा माणूस समजून जातो आणि नीट उत्तर देतो.

बांगड्याबद्दल सावध. एरवी स्वस्त थाळीत बांगड्यासारखा मासा नाही, अख्खा मिळतो, तुकडी पातळ कापून फसवता येत नाही. पण बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर उबेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुणचुण लागली तर तो तिखटाचा गुण म्हणून गिळू नका, ताट सरकवा. खाल्ला गेलाच तर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना; केईएम परळलाच आहे. शिजलेल्या माशाचा ताजेपणा काट्यावरून कळतो. ताज्याचं मांस पाकळ्यांनी सुटतं, शिळ्याचं पिठासारखं भुगा होतं.

तळलेल्या तुकडीवर रव्याचा जाड थर असेल तर आत तुकडी पातळ असणार. 'रवा नको, नुसता मसाला लावून द्या' म्हणायचं. त्याने तुकडी तेलही कमी पिते. स्वस्त 'बोनलेस फिश फ्राय' दिसलं तर ते बासा, म्हणजे गोड्या पाण्यातला स्वस्त मासा, असण्याची शक्यता मोठी. खायला हरकत नाही, पण पापलेटचे पैसे देऊ नका.

सोलकढी दुपारी प्यावी. आमसुलाच्या आगळाने नारळाच्या दुधाला फिकट गुलाबी रंग येतो. भडक राणी रंग दिसला तर त्यात बीट नाहीतर रंग आहे. पेल्याच्या कडेला स्निग्ध पापुद्रा राहिला तर नारळ खरा. सकाळी काढलेली सोलकढी जूनच्या उकाड्यात रात्रीपर्यंत आंबते आणि ते झाकायला त्यात बर्फ टाकतात. तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणी पाहिलेलं नसतं.

दादरला सिंधुदुर्ग, चैतन्य ही मालवणी जेवणाची नावं सगळे सांगतील. दोन्ही चांगली, पण या बजेटात ती महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात. आणि हो, श्रावण लागला की पुष्कळ घरगुती खानावळी मासळी बंद करतात. जाण्याआधीच विचारून ठेवा.

---

सेंट्रल_स्लो

सकाळच्या खाण्यासाठी उडपी. खिशाला परवडतं आणि माल फिरता असतो.

इडली सकाळी साडेआठच्या आत. घाण्यावर घाणा उतरत असतो, सांबार नुकतं उकळलेलं असतं आणि दुसऱ्यांदा मागितलं तर बहुतेक ठिकाणी मिळतं. मेदूवडा अकरानंतर घेऊ नये, तोवर तो तळून ठेवलेला असतो आणि सांबारात बुडवला की तेल सोडतो. डोशाचं पीठ मुंबईच्या दमट हवेत दिवसभरात आंबट होत जातं. म्हणून डोसा सकाळी खावा आणि रात्री उशिरा गेलात तर उत्तप्पा मागवावा, त्याला तो आंबटपणा शोभतो.

पोटाला धरेल असं हवं असेल तर नुसत्या इडलीवर राहू नये, एकोणीस वर्षांच्या मुलाला दहा वाजता परत भूक लागेल. एक प्लेट इडली आणि गाडीवरची दोन उकडलेली अंडी हे गणित एका मसाला डोशापेक्षा स्वस्त पडतं आणि जेवणापर्यंत टिकतं.

दुपारी उडप्याकडे 'थाळी' न म्हणता 'राइस प्लेट' म्हणा. मेनूत दोन्ही असतात. थाळीत गोड, पापड आणि दोन वाट्या जास्त येतात आणि त्याचे बरेच पैसे वाढतात. राइस प्लेटमध्ये ठरावीक चपात्या किंवा पुऱ्या, भात, एक-दोन भाज्या, सांबार किंवा वरण आणि ताक. एका भाजीऐवजी उसळ मिळते का ते विचारावं, नाही म्हणाले तर नाही. वातानुकूलित खोलीत बसू नये, त्याच पदार्थाचा भाव तिथे वेगळा असतो. राइस प्लेट तीनच्या सुमारास बंद होते, तेव्हा दीडच्या आत बसा.

शनिवारी अर्धा दिवस आहे म्हणालात. त्या दुपारी त्याला माटुंग्याला पाठवा. करी रोडहून स्लो लोकल, तिसरं स्टेशन. पूर्वेला स्टेशनाच्या जवळच रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२पासूनचं. केळीच्या पानावर जेवण. मर्यादित आणि पोटभर असे दोन प्रकार असतात. त्याच्या वयाला पोटभरच परवडतं, फक्त सकाळी काही न खाता जाऊ नये. रिकाम्या पोटी गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत भातावर ताव मारतो आणि रसम-ताकाला जागा उरत नाही. सोमवारी बंद असतं. माटुंग्यालाच राम आश्रय १९३९चं, पहाटे उघडतं. रविवारी सकाळी रांग असते, इतर दिवशी चटकन जागा मिळते.

---

जैतापूरकर

मनापासून आभार. तीन गोष्टी राहिल्या. कामावरून दुपारी बाहेर पडून राइस प्लेट खाऊन यायला अर्धाच तास मिळतो. खानावळीचा डबा सकाळी नेला तर चालेल का? दुसरं, संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात त्याला भूक लागणार, तेव्हा वडापाव वगैरे कितपत? आणि दहा रुपयांची शिवभोजन थाळी कामाची आहे का?

---

काळाचौकी

डबा चालेल, पण खानावळवाल्या बाईंना सांगून ठेवा की डबा एक वाजता उघडणार आहे. सकाळी आठला भरलेलं अन्न पाच तास बंद डब्यात असतं आणि पावसाळ्यात सर्वांत आधी आंबतं ते नारळाचं वाटण. म्हणून डब्यात कालवण नको, ओल्या खोबऱ्याची उसळ नको. फोडणीची कोरडी भाजी, चपाती आणि वेगळ्या कागदात सुकी चटणी. भात द्यायचाच असेल तर गरम भरून लगेच झाकण लावू नये. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि भात चिकटून आंबूस होतो. पाच-दहा मिनिटं वाफ जाऊ द्यावी. डब्याची रबरी रिंग रोज काढून धुवायची. आदल्या दिवशीचा आंबूस वास तिथे राहतो आणि माणूस भाजीला नावं ठेवतो.

डब्यात मोजून चारच चपात्या देत असतील तर परळ-प्रभादेवीच्या पोळी-भाजी केंद्रातून दोन चपात्या सुट्या घ्याव्यात. दोन्ही स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहे. या केंद्रांची पातळ भाजी रात्री घेऊ नये, ती दुपारचीच परत गरम केलेली असू शकते. चपाती मात्र संध्याकाळी ताजी लाटतात.

शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली. ठरवून दिलेलं ताट असं : तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. फक्त दुपारी, आणि रोजच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असल्याने उशिरा गेलं तर संपते. एकोणीस वर्षांच्या कामकरी पोराचं त्यात भागणार नाही, वर दोन केळी आणि अंडी लागतीलच. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फार मोठा आधार आहे. जवळचं केंद्र चालू आहे का ते आधी जाऊन बघून या.

---

चुरापाव

संध्याकाळच्या भुकेबद्दल. वडापाव खाऊ दे. मुंबईत वडापाव पोट भरायला जन्मला आहे, चैनीला नाही. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाईक कामावरून घरी जाणारंच होतं. फक्त रोज दोन-तीन नकोत. एक वडापाव आणि त्यासोबत मूठभर फुटाणे, म्हणजे रात्रीच्या जेवणाची भूक मरत नाही.

गाडी कशी निवडायची? परातीत वड्यांचा ढीग असेल तिथे थांबू नका. कढईतून उतरतो आणि लगेच संपतो तिथे थांबा, दोन मिनिटं उभं राहावं लागलं तरी. तेलाकडे बघा. वडे काढल्यावरही फेस बसत नसेल, मंद आचेवर धूर येत असेल, झाऱ्याला चिकट तार धरत असेल तर ते तेल संपलेलं आहे. कायद्याने तळणीच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं असतं. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसलं तरी फेस आणि वास पुरेसा आहे. हिरवी चटणी पावसाळ्यात नको. ती कच्ची असते, कोथिंबीर कशी धुतली आणि पाणी कुठलं घातलं ते कळत नाही. लसणाची सुकी लाल चटणी आणि तळलेली मिरची घ्यावी. याच कारणाने जून-जुलैत पाणीपुरी, कापलेली फळं, उघडा उसाचा रस हे सगळं बंद. चहा उकळलेला असतो, तो कटिंग प्यायला हरकत नाही.

मिसळ खायची तर लालबागला लाडू सम्राट जवळ आहे, कोथिंबीर वडीही तिथेच. मिसळीत पाव दोनच येतात आणि जादा पावाचे पैसे पडतात, पण जादा रस्सा मागितला की बहुतेक ठिकाणी फुकट वाढतात. म्हणून अर्धी मटकी पहिल्या पावाला, मग रस्सा, मग उरलेली. फरसाण वेगळ्या वाटीत मागावं, घालून आणलं की टेबलावर येईपर्यंत त्याचा लगदा होतो. रविवारी हात मोकळा असेल तर दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. दोन्ही पदार्थ जड आहेत, एका माणसाला एक प्लेट वडा आणि पेलाभर पियूष पुष्कळ झालं. चुरापावासाठी कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला अशोक वडापाव. चुरा म्हणजे वड्याच्या बेसनाचे तळलेले तुकडे, तो गरम असतानाच खायचा, बांधून आणला की मऊ पडतो.

---

सोडेभात

एक पुरवणी. हिंदमाता परिसरात पाणी तुंबतं, लोकल थांबते, आणि अशा दिवशी खानावळीला भाजी आणि दूध पोचत नाही. त्या एका दिवसाचं खाणं कपाटाच्या कप्प्यात कायम असू द्या : फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, घरून पाठवलेले नाचणीचे लाडू आणि मेतकूट. नुसत्या कुरमुऱ्यांचा मोठा पुडा भरू नका, दमट हवेत दोन दिवसांत चिवट होतात. सगळं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, कारण चाळीत उंदीर पिशवी ठेवत नाहीत.

---

जैतापूरकर

गावकीची परवानगी मिळाली तर विजेची किटली देऊ का? अंडी उकडता येतील, पाणीही.

---

सेंट्रल_स्लो

किटलीचे वॅट बघा. बाजारातली साधी दीड लिटरची किटली १५०० वॅटची असते, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर ओढते. जुन्या खोल्यांतलं लहान सॉकेट पाच-सहा अँपिअरचं असतं, ते तापून वितळतं, आणि त्याच तारेवर चार जणांचे फोन चार्ज होत असतात. त्याऐवजी अंडी उकडायचं छोटं यंत्र द्या, ते साडेतीनशे-चारशे वॅटवर चालतं, तळाला मापाने थोडंसंच पाणी घालायचं आणि सहा-सात अंडी वाफेवर शिजतात. पिण्याच्या पाण्याला ते उपयोगी नाही. त्यासाठी रात्री खानावळीतूनच उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली भरून आणायची; महिना ठरवतानाच हेही सांगून ठेवलं तर बाई नाही म्हणत नाहीत.